तिसरा डेक

उलव्याच्या खाडीत तरंगणाऱ्या लाँचवर तिसरा डेक दिसला, तेव्हा मोनाली घरतला आधी वाटलं, आपण चुकीच्या बोटीसमोर उभ्या आहोत. तिने काढलेल्या नकाशात दोनच डेक होते. इथे त्यावर लोखंडी छत, बाकड्यांच्या आठ रांगा आणि कहर म्हणजे एसीची चार धुडं चढवलेली.

"हे कुणी सांगितलं?" तिने फोरमनला विचारलं.

"मालकांनी. तुमचे सर पण हो म्हणाले की."

मालक म्हणजे प्रितम, तिचा चुलत भाऊ. विमानतळात जमीन गेली तेव्हा आलेल्या मोबदल्यातून त्याने प्रवासी फेऱ्यांसाठी ही लाँच बांधायला घेतली होती. डिझाइनचं काम मोनालीच्या ऑफिसला द्यायचं हाही त्याचाच हट्ट. मिठागरवाल्यांची पोरगी जहाजं आखते, हे तो गावभर सांगत फिरायचा.

ती तशीच रिक्षा करून पनवेलच्या ऑफिसात आली आणि दार न वाजवता गुरुदत्त सरांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, तिसऱ्या डेकचं मला कुणी का सांगितलं नाही?"

"हलकं काम आहे गं ते."

"हलकं असलं तरी उंचावर आहे. वर माणसं बसली आणि वळताना एका बाजूला सरकली, तर बोट परत सरळ होईलच असं नाही. तिरकी करून टेस्ट घ्यावी लागेल."

"टेस्ट कशाला? मागच्या वर्षी केलेल्या बोटीचा रिपोर्ट लाव. जुळी बोट म्हणून दाखवू, नियमात बसतं."

"तिला दोन डेक आहेत."

"कागदावर हिलाही दोनच आहेत." सर हसले. "आणि एवढी तापू नकोस. तुमच्या घरी मोबदला आलाय, तुझी नोकरी हौसेची. मला ऑफिस चालवायचंय."

मोनालीच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. जहाजबांधणीच्या कॉलेजात चाळीस मुलांच्या वर्गात तीन मुली, त्यातली ती एक. शिपयार्डात ट्रेनिंगला असताना जहाजाच्या तळातल्या टाक्यांत पोटावर सरपटत जाऊन तिने मापं घेतली होती. हौस म्हणे! ती एवढंच म्हणाली, "मी सही करणार नाही."

सही तिने केलीच नाही. पण गुरुवारी परवानगीसाठीच्या फाइलची प्रत तिच्या हाती लागली. जुन्या बोटीचे आकडे जसेच्या तसे उतरवलेले आणि खाली छापलेलं : गणित, मोनाली काशीराम घरत. बापाच्या नावासकट. तिने तो कागद इतका घट्ट धरला की कोपऱ्यात फाटला.

संध्याकाळी ती प्रितमच्या घरी गेली. त्याची आई, हौसाकाकी, ओट्यावर मासे साफ करत होती. प्रितमने सगळं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

"सर बोलले, काय नाय होत. तुला सरांपेक्षा जास्त कळतं?"

"हो, दादा. यातलं कळतं. आणि त्यांनाही कळतं, म्हणूनच माझं नाव टाकलंय. बोट कलंडली की जेलात मी जाणार, ते नाही."

"कलंडली, बुडाली! अजून नारळ फुटला नाय आनि तू काय बोलतेस!" प्रितम ओरडला. "शनवारी परवानगीचा साहेब येनार हाय बोट बघायला. तू तिथं यायचं नाय. घरची पोरगी घरावर उठली तर आमी तोंड कुठं दाखवायचं?"

"बाय, गप ऱ्हा ना गं," हौसाकाकी कळवळून म्हणाली. "भाव हाय तुजा."

"म्हणूनच गप राहत नाही, काकी."

शनिवारी मोनाली जेटीवर पोहोचली तेव्हा परवानगी देणारे सरकारी सर्व्हेअरसाहेब फाइल चाळत होते. गुरुदत्त सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या रिपोर्टवर नाव माझं आहे, गणित माझं नाही. बोटीचे डेक मोजा."

साहेबांनी नकाशा पाहिला, मग मान वर करून बोट पाहिली. पेन खिशात ठेवलं. "सोमवारी टेस्ट. माझ्यासमोर."

सोमवारी खालच्या डेकवर वाळूच्या गोणी रचल्या. वरून ओळंबा सोडून, तो झुलू नये म्हणून त्याचं वजन पाण्याच्या टबात ठेवलं. गोणी डावीकडून उजवीकडे नेत जायच्या आणि ओळंबा किती सरकतो ते पट्टीवर वाचायचं. मूळ नकाशाप्रमाणे सगळ्या गोणी हलवल्यावर तो चार सेंटिमीटर सरकायला हवा होता. निम्म्या गोणी गेल्या आणि अकराचा आकडा ओलांडून तो टबाच्या कडेला टेकला. बोट कण्हत कलली. रिकामी बोट, वर एक माणूस नाही.

"थांबा!" साहेबच ओरडले. प्रितमने जेटीचा खांब धरला होता.

परवानगी रोखली गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी मोनालीला ईमेलवर काढून टाकलं : 'वर्तणूक समाधानकारक नाही.' तिने तो तीन वेळा वाचला आणि मोबाइल भिंतीवर फेकायचा मोह कसाबसा आवरला.

महिनाभर प्रितम बोलला नाही. मग गॅस कटरने तिसरा डेक कापायला घेतला त्या दिवशी त्याने तिला बोलावलं. ठिणग्या पाण्यात पडत होत्या. त्याने विचारलं, "पयल्या फेरीला आख्खा गाव वर बसनार होता. आये पन. मग?"

मोनाली जेटीवर उतरवलेल्या बाकड्यांच्या रांगा मोजत होती. आठही उतरल्या होत्या.

"सर नवीन रिपोर्ट करून देतो बोलले," तो हळूच म्हणाला.

"ते अजून रिपोर्ट करतायत?" तिचा आवाज चढला. "दादा, तुझ्या बोटीचा डेक गेला, माझी नोकरी गेली, त्यांचं काय गेलं?"

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. खोटा रिपोर्ट, टेस्टचे आकडे, तारखा, सगळं जोडून तिने सर्व्हेअरसाहेबांच्या खात्याकडे सरांविरुद्ध तक्रार लिहिली. खाली स्वतःचं नाव टाकलं, बापाच्या नावासकट, आणि पाठवून दिली. राग कमी झाला नाही. तो कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं.