विमा नसल्यासारखी

विमा कंपनीच्या सर्वेअरने खानावळीतल्या डीप फ्रीजचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं आणि हात घालून तळ चाचपला. तळ कोरडा होता. नुसता कोरडा नव्हे, घासूनपुसून, वर लिंबाच्या साली चोळून लख्ख केलेला होता.

"माल कुठंय?" त्याने विचारलं.

मुलीने आईकडे पाहिलं. आई शेगडीची बटणं पुसू लागली.

"सांग ना आता," मुलगी म्हणाली.

"त्यात काय सांगायचं? खाल्ला."

"कुणी?"

"ज्याला भूक होती त्याने."

सर्वेअर वयाने पन्नाशीकडे झुकलेला, हडकुळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावणारा माणूस होता. जळालेली स्वयंपाकघरं, फुटलेल्या काचा, पाण्यात बुडालेली कोठारं त्याने पुष्कळ पाहिली होती. नुकसान झालेला माल घासून-पुसून गायब झालेला तो पहिल्यांदाच पाहत असावा. त्याने झाकण अलगद खाली सोडलं.

"ताई, काल दुपारी तुम्ही फोन केलात तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं ना, की सर्वेअर येईपर्यंत मालाला हात लावू नका?"

"मला सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "आणि मी हिला सांगितलं होतं."

सांगितलं होतं हे खरंच. काल दुपारी कॉम्प्रेसर जळाला तेव्हा फ्रीज एका मोठ्या ऑर्डरच्या मटणाने गच्च भरलेला होता. सगळ्या मागच्या तंगड्या, चांगल्या निवडून आणलेल्या. मुलीने कंपनीला फोन लावला, मेकॅनिकला गाठलं, त्याच्याकडून बिघाडाचा कागद लिहून घेतला, ऑर्डर देणाऱ्यांची बोलणी खाल्ली आणि दिवेलागणीला परत आली. तर खानावळीपुढे जत्रा. रिक्षावाले, समोरच्या शिवणकामाच्या दुकानातल्या बायका, दवाखान्याच्या रांगेतली माणसं, शेजारच्या बारमधली मंडळी. सगळे निळ्या काठाची ताटं हातात धरून उभे. आणि मधोमध आई, हातात डाव, कपाळावर घाम, चेहऱ्यावर लेकीचं लग्न निघाल्यासारखा आनंद.

"मटण पाणी सोडायला लागलं होतं," आई आता म्हणाली, सर्वेअरला नव्हे, शेगडीला. "सकाळपर्यंत वास मारला असता. डोळ्यांदेखत कुजू देऊ? अन्न आहे ते."

"अगं, कुजलेलं दाखवलं असतं तर पैसे मिळाले असते!"

"चांगलं अन्न कुजवल्याचे पैसे मिळतात, असा धंदा मी तरी कधी ऐकला नाही."

तीन वर्षांपूर्वी विमा उतरवला तेव्हापासून हीच कुरबुर चालू होती. आईच्या लेखी हप्ता म्हणजे विहिरीत टाकलेले पैसे, आणि पॉलिसीची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारी लेक म्हणजे 'वकिलीणबाई'. गुडघे साथ देईनासे झाल्यावर आईने एकदाच काय ते स्पष्ट सांगून टाकलं होतं, की तुझ्या त्या कागदाने वेळेला दगा दिला नाही, तर खानावळ तुझी. दिला, तर मी ही जागा शेजारच्याला देऊन मोकळी होणार, मग तू खुशाल कोर्टात जा. आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती वेळ काल आली होती, आणि आईने आपल्याच हाताने ती चुलीवर चढवली होती.

शेजारचा बारवाला मागच्या आवारात दात कोरत उभाच होता. दोन दुकानांना मिळून एकच आवार, त्यामुळे इथलं सगळं त्याला ऐकू जायचं. जे जायचं नाही ते तो जवळ येऊन ऐकायचा.

"नमस्कार साहेब," तो दारातून म्हणाला. "वहिनींचं मन मोठं, बरं का. पण गर्दी काय होती काल! एवढा गल्ला तर माझ्याकडे सणालाही होत नाही."

गल्ला हा शब्द त्याने सहज टाकला, आणि तो नेमका जाऊन पडायचा तिथेच पडला. सर्वेअरने खिशातलं एक पेन काढलं.

"म्हणजे माल विकला?"

"एक पैसा घेतला नाही!" मुलगी म्हणाली.

"विकला असेल तर नुकसान नाही. वाटला असेल तर किती वाटला, ते कळायला मार्ग नाही. तुम्ही घेतलं होतं का जेवण?" सर्वेअरने बारवाल्याला विचारलं.

"मी? छे हो. पोट बिघडलंय माझं. काल ताकावर होतो. मला काहीच माहीत नाही."

आयत्या बिळावर नागोबा, मुलीच्या मनात आलं. पण तिची नजर बारवाल्याच्या खांद्यावरून मागे, आवाराच्या कोपऱ्यातल्या झाकणाच्या पिंपावर गेली होती.

आईचा एक जुना कायदा होता. उष्टं वेगळं, हाडं वेगळी. हाडं खतवाला घेऊन जायचा. कामाला लागलेल्या प्रत्येक माणसाने या कायद्याबद्दल बोलणी खाल्ली होती. मुलीने सगळ्यांत जास्त. काल एवढ्या धांदलीतही आई ओरडत होती हे तिला आठवलं, "हाडं इकडे, हाडं इकडे!" आणि खतवाला यायला अजून अवकाश होता.

"साहेब," ती म्हणाली, "एक मिनिट बाहेर या."

तिने ताडपत्री अंथरली, पिंप आडवं केलं आणि बाह्या सरसावून खाली बसली. आई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आरंभलंस?"

"तंगडीला किती हाडं असतात ते मला माहीत नाही," मुलगी सर्वेअरला म्हणाली, "पण हे एकच असतं." तिने ढिगातून एक तुकडा उचलला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक. गुळगुळीत, गोल, लहानशा डोक्यासारखं. "कसंही तोडा, हा गोळा फुटत नाही. तंगडी तितके गोळे."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी ओट्याखाली बसून ती याच हाडांच्या बाहुल्या करायची. आई एका हाताने फोडणी हलवत दुसऱ्या हाताने गोळ्याखाली चिंधी गुंडाळून द्यायची, झाली बाहुली. मग जेवणाची वेळ टळेपर्यंत पोरीचा आवाज नसे.

सर्वेअर पॅन्ट वर ओढून उकिडवा बसला. आधी नुसता पाहत होता. मग एका हाताने माशा वारत दुसऱ्या हाताने हाडं पुढे सारू लागला. मग स्वतःच मोजू लागला. ताडपत्रीवर गोळ्यांच्या रांगा लागल्या. मटणवाल्याच्या बिलावर चाळीस तंगड्या होत्या. रांगा एकतीसवर थांबल्या.

"नऊ कमी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी हळहळ होती, हे बारवाल्यालाही जाणवलं असावं. तो दोन पावलं जवळ आला.

"होतं असं," बारवाला म्हणाला. "अंदाज चुकतो माणसाचा. वहिनी, मी म्हणत होतो ना, जागेचं बोलणं आपण लवकरच..."

"ताटंही कमी आहेत," मुलगी एकदम म्हणाली.

"काय?"

"सकाळी घासताना ताटं कमी भरली. मला वाटलं, नेली कुणीतरी." ती उठली, हात ओढणीला पुसत सरळ बारच्या मागच्या दारात गेली. दार उघडंच होतं. मोरीत ताटांची चळत होती, सगळ्यांना निळा काठ. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि वरच्या ताटातलं काही सांडणार नाही अशा बेताने, तान्हं मूल आणावं तशी आणली.

वरच्या ताटात हाडं होती. खालच्यातही होती. बारवाल्याकडे कायदा नसल्याने उष्टं आणि हाडं एकत्रच होती.

सर्वेअर मोजत होता. "सदतीस. अडतीस. एकोणचाळीस." त्याने शेवटचं ताट उलटून पाहिलं. "एक राहिलं."

"कुत्र्याने नेलं असेल," आई म्हणाली.

"असू द्या. कुत्र्याचा जबाब घ्यायची पद्धत नाही." मग तो बारवाल्याकडे वळला. "तुम्ही तर काल ताकावर होता."

"अहो, मी नाही, गिऱ्हाइकांनी... म्हणजे थोडं मीही..."

"मग यांना पैसे किती दिलेत?"

"पैसे?" बारवाल्याला अन्याय सहन होईना. "कसले पैसे? अख्ख्या गल्लीने फुकट हादडलं, कुणाकडे दमडी मागितली नाही, आणि माझ्या एकट्याकडून पैसे? हा कुठला न्याय?"

 बारवाला आपलंच वाक्य मागे वळून पाहिल्यासारखा थबकला. आईने तोंडाला पदर लावला.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत," सर्वेअर ते कागदावर उतरवून घेत शांतपणे म्हणाला. "इथे सही करा."

सही झाली. बारवाला पोट खरंच बिघडल्यासारखा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"तरीही," सर्वेअर हात धुताना म्हणाला, "माल दाखवायला ठेवायचा, ही अट मोडलीच आहे. ते मला लिहावं लागेल."

"लिहा. पण त्याच्या वरचं कलमही लिहा," मुलगी म्हणाली. ते तिला पाठ होतं. "विमेदाराने नुकसान टाळण्यासाठी, विमा नसल्यासारखी काळजी घ्यावी. साहेब, माझी आई काल अगदी विमा नसल्यासारखीच वागली. गेली तीन वर्षं ती तशीच वागतेय."

सर्वेअर हसला. हसण्याची सवय नसलेल्या माणसाचं हसू ते. आधी खांद्यांना कळलं, मग तोंडाला. "हे मात्र मी जसंच्या तसं लिहीन," तो म्हणाला. जाताना तो दारात रेंगाळला आणि त्याने आईला विचारलं, "काल उरलं नाही ना काही?"

"काल यायला हवं होतं," आई म्हणाली.

विम्याचे पैसे आले. नवा फ्रीज उतरवून घेताना आई हमालांवर ओरडली, तेवढंच. बारवाल्याने काही दिवस आवारातून जाणं टाळलं. मग एका संध्याकाळी तो पुढच्या दाराने आला, जेवला, आणि कुणी न मागता पैसे ठेवून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वर्दळ ऐन भरात होती. मुलगी चार ताटं हातावर तोलत बाहेर आली आणि थबकली. खिडकीजवळच्या टेबलावर आई बसली होती. उभ्या हयातीत ती या खानावळीत बसून जेवली नव्हती. ओट्याशी उभी राहून, ताटली हातात धरून चार घास, हेच तिचं जेवण. आज केस विंचरलेले, हात मांडीवर, समोर रिकामं टेबल.

मुलीने ताटं पोचवली, फडकं घेतलं, आईपुढचं टेबल पुसलं.

"काय आहे आज?" आईने विचारलं.

"मटण आहे. मासे संपले."

"मग मटणच दे. आणि लवकर. तुमच्याकडे फार वेळ लावतात, असं ऐकलंय."

तिने दिलं. आई सावकाश, एकेक घास चावत जेवली. मीठ थोडं कमी होतं. तिने मागितलं नाही. बाहेर रांग वाढली, मुलगी आतबाहेर करत राहिली, आणि पुन्हा वळून पाहीपर्यंत खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली होती.

ती ताट उचलायला गेली. उष्टं काहीच नव्हतं. हाडं ताटाच्या कडेला एका ओळीत लावलेली होती. आणि पाण्याच्या पेल्याला टेकून, कागदी रुमाल अंगाभोवती नीट गुंडाळलेली, गोल डोक्याची एक बाहुली उभी होती.