तांबड्या फुलीची चौकट

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे. कम्प्युटरच्या पडद्यावर मध्येच उगवणारी, करड्या रंगाची, डावीकडे तांबड्या गोलात फुली असलेली. माझ्या पोटात एखाददुसरे इंग्रजी वाक्य असते आणि खाली 'ओके' लिहिलेले बटण. लोक मला एरर म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडे करतात. मी दिसले की वाचण्याआधी मला मिटवण्याची घाई! आज मात्र मला शेवटपर्यंत ऐकून घ्या. गोष्ट चांगली नाही, हे आधीच सांगते. वाईट बातमी गोड करून सांगायची कला मला कधी साधलीच नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. नाशिकला आले ते एका चकचकीत सीडीत बसून, नव्वदीचे दशक सरत आले होते तेव्हा. कॉलेज रोडवर एक कम्प्युटर क्लास होता. दाराशी चपला काढायच्या, आत गारेगार खोली आणि यंत्रांवर फुलाफुलांच्या कापडाची झाकणे. पोरे देवळात शिरावे तशी दबकत आत यायची. ती प्रोग्रॅम लिहायला शिकत आणि शिकणारा चुकला की माझी पाळी. कोणी शून्याने भागले, की मी हजर. कोणी आकड्याच्या जागी अक्षर कोंबले, की मी हजर. कोणी माहितीची फाइल घरच्या यंत्रात ठेवायचा आणि क्लासातल्या यंत्रात शोधत बसायचा, की आलेच मी. 'सर, घरी चालत होतं!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता मला त्या वाक्याचीच कीव येते.

क्लासचे मयुरेश सर तेवढे माझी कदर करायचे. मी आले आणि कोणाचा हात 'ओके'कडे गेला, की ते मागून ओरडत, 'थांब! आधी वाच. मोठ्याने वाच.' मग तो बिचारा अडखळत मला वाचायचा आणि वाचता वाचताच त्याला आपली चूक दिसायची. एकदा सर म्हणाले, 'कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधलंत, तर चोर यायचा थांबतो का?' कुत्र्याची उपमा मला फारशी आवडली नाही. पण त्या खोलीत मला मान होता. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याच क्लासात यशश्री शिकायची. पंचवटीतली मुलगी. वडील यात्रेकरूंची धार्मिक कार्ये करत. बुद्धीने तल्लख आणि तितकीच उतावळी. दोन हजार तीनचा सिंहस्थ आला, तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका मंडळाने गोदावरीच्या काठचे आपले हरवले-सापडले केंद्र नव्या पद्धतीने चालवायचे ठरवले. तोवर या मंडळाची रीत अशी होती, की हरवलेल्याला माइकपाशी उभे करायचे आणि त्याने स्वतःच आपल्या माणसांना हाक मारायची. त्याने फार गोंधळ होतो, असे मंडळाला वाटले. आता नावे कम्प्युटरमध्ये जातील, यादी छापून निघेल आणि यादीतलेच नाव पुकारले जाईल. तो प्रोग्रॅम यशश्रीने लिहायचा. ती हरखून गेली. मला मात्र तेव्हाच कसेसे झाले.

प्रोग्रॅम साधाच होता. नाव, गाव, वय, अंगावरची खूण असे रकाने. 'नोंदवा' बटण दाबले, की सगळी माहिती एका वाक्यात ओवून साठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, पाठवायची आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' असे दाखवायचे. घरी यशश्रीने आई, बाबा, आत्या, शेजारी अशा सगळ्यांना एकेकदा खोटे खोटे हरवून पाहिले. सगळ्यांची वये तिला पाठ होती. सगळे सुरळीत चालले. नवशिक्याची ही जुनी खोड आहे, मित्रांनो. जे बरोबर चालणार आहे, तेवढेच तो तपासून पाहतो.

मग मंडळासमोर प्रयोग झाला. मंडळाचे अध्यक्ष वेणीमाधवकाका हौसेने खुर्चीवर बसले आणि वयाच्या रकान्यात त्यांनी आकडा न टाकता अक्षरांत 'साठ-सत्तर' लिहिले. वाक्य मोडले. मोडके वाक्य साठा घेत नाही, परत फेकतो. अशा वेळी धावत पुढे यायचे, हेच माझे काम. मी आले. काका दचकून मागे सरकले.

'हे काय गं? तांबडी फुली? पर्वणीच्या दिवशी लोकांपुढे असलं अशुभ नको हं. आधीच माणसं घाबरलेली असतात.'

'नाही काका, काढते मी ते,' यशश्री म्हणाली. शरमेने तिचे कान लाल झाले होते.

वयाचे काय चुकले ते बघते, असे ती म्हणाली नाही. तिला काढायचे होते ते मला.

त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीने तिला एक ओळ सांगितली, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट.' प्रोग्रॅममध्ये ही ओळ लिहिली, की काहीही बिघडले तरी त्याने गप्प बसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. यशश्रीने ती लिहिली आणि वयात पुन्हा 'साठ-सत्तर' टाकून पाहिले. हिरव्या अक्षरांत आले, 'नोंद झाली'. ती समाधानाने हसली. नोंद खरोखर झाली का, हे साठ्यात जाऊन पाहायचे तिला सुचले नाही. मी पडद्यामागे तोंड बांधून उभी होते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे मला तिला ओरडून सांगायचे होते. मयुरेश सरांना तिने तो प्रोग्रॅम दाखवला नाही. दाखवला असता, तर पुढचे सारे टळले असते.

पर्वणीचा दिवस उजाडला. श्रावणाची भुरभुर चालू होती आणि नदी फुगलेली होती. मंडळाचा तंबू गौरी पटांगणाच्या बाजूला होता. पुढे टेबलावर कम्प्युटर, शेजारी माइकवर धोंडीरामकाका आणि मागच्या मांडवात हरवलेली माणसे बाकांवर बसलेली. यादी छापून निघायची, काका खड्या आवाजात नावे वाचायचे आणि थोड्या वेळाने कोणाचा मुलगा, कोणाची सून धापा टाकत यायची. पेपरवाले फोटो काढून गेले. वेणीमाधवकाकांनी यशश्रीच्या पाठीवर थाप मारली. ज्याला त्याला कौतुक वाटत होते आणि मला धडकी भरली होती.

तेवढ्यात एका होमगार्डने एका म्हातारीला हाताला धरून आणले. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण, हातात ओल्या कपड्यांची पिशवी. टेबलावर यशश्री स्वतः होती.

'नाव काय, आजी?'

'चिमणाबाई. हरसूलची हाय मी. नातीसंगं आलते. पुलापाशी रेटारेटी झाली न् हात सुटला.'

'नातीचं नाव?'

'भाग्यश्री. आमी भागी म्हनतो.'

'आणि तुमचं वय?'

म्हातारी हसली. 'ते मला काय ठाव, बाय? लय पाऊस झालता त्या साली जलमले म्हनत. तुला वाटंल ते लिव्ह.'

यशश्रीची बोटे थबकली. वाटेल ते लिहिणे तिला पटेना. खोटे कशाला लिहायचे, म्हणून तिने वयाचा रकाना प्रामाणिकपणे रिकामा ठेवला आणि बटण दाबले.

मित्रांनो, मनाला येईल तो आकडा तिने ठोकून दिला असता, तर नोंद झाली असती. रिकाम्या जागेने वाक्य मोडले. साठ्याने ते परत फेकले. मी जीव तोडून पुढे धावले आणि त्या ओळीने मला गिळले. पडद्यावर हिरवी अक्षरे आली, 'नोंद झाली'.

'झालं, आजी. तुमचं नाव कम्प्युटरमध्ये गेलंय, आता पुकारतीलच. मागे बसा आणि कान देऊन ऐका.'

'बरं बाय,' म्हणून चिमणाबाई मागच्या मांडवात गेल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

पलीकडच्या काठावर पोलिसांनी दोर बांधून गर्दी अडवून धरली होती. तिथे एका कर्ण्याखाली भाग्यश्री उभी होती. ती आजीच्या नावाची वाट पाहत होती, हे मला मागाहून कळले. दोघी एकच आवाज ऐकत होत्या आणि मध्ये फक्त नदी होती. घोटीचे नाव आले. सटाण्याचे आले. परराज्यातल्या कुठल्या कुठल्या गावांची आली. हरसूल आले नाही.

चिमणाबाई एकदा उठून माइकपाशी आल्या. यशश्री तेव्हा बाहेर आणखी कोणा पेपरवाल्यांशी बोलत होती.

'दादा, माझं नाव का नाय घेत?'

धोंडीरामकाकांनी यादीवरून बोट फिरवले. 'येईल, आजी. कम्प्युटरातून आलं की लगेच घेतो. आता आपल्या मनानं काही पुकारता येत नाही.'

आंधळे दळत होते, कुत्रे पीठ खात होते आणि जात्याची घरघर मात्र सगळ्यांना गोड लागत होती.

दुपार कलली तेव्हा दोर सुटला आणि भाग्यश्री तंबूत शिरली. कॉलेजात जाणारी मुलगी, भिजून चिंब झालेली, आवाज बसलेला.

'दादा, माझी आजी हरवली. चिमणाबाई. हरसूलची.'

टेबलावरच्या स्वयंसेवकाने नाव टाकून शोधले. 'अशी नोंद नाही' असे आले.

'इथं नाही आल्या, ताई. दुसऱ्या केंद्रावर बघा.'

ती वळली. पण मागे उभ्या असलेल्या यशश्रीने नाव ऐकले होते. 'चिमणाबाई? हिरवं लुगडं? अहो, मीच तर नोंद केली सकाळी!' तिने स्वतः शोधले. अशी नोंद नाही. पुन्हा शोधले. अशी नोंद नाही. मग दोघी मागच्या मांडवाकडे धावल्या.

बाकावर चिमणाबाई नव्हत्या. शेजारी वत्सलाबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'त्या व्हय? त्या गेल्या की मघाशी. म्हनल्या, समद्यांची नावं घेतली, माझंच कोन घेईना. भागी कुठं गर्दीत पडली का काय, मीच बघते जाऊन. न् तशाच गंगेकडं गेल्या.'

भाग्यश्री नदीकडे धावत सुटली. तिच्यामागून स्वयंसेवक धावले.

यशश्री टेबलापाशी परत आली. तिने प्रोग्रॅम उघडला, ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहिले, चिमणाबाई, हरसूल, वय रिकामे. बटण दाबले. माझे तोंड सुटले आणि मी तिच्यासमोर उभी राहिले, होते तशीच, करडी, तांबड्या फुलीची. पहिल्यांदाच तिने मला शेवटपर्यंत वाचले. मग ती हळूच म्हणाली, 'तू सांगत होतीस.' त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आले.

तिने रिकामे वय चालेल अशी दुरुस्ती तिथेच बसून केली आणि चिमणाबाईंचे नाव पुन्हा नोंदवले. एवढेसे काम होते. त्या दिवशी आणखी कोणाकोणाची नावे अशी गळाली, हे कोणालाच सांगता येणार नाही. गिळलेली चूक मागे काहीच ठेवत नाही.

भाग्यश्री काठावरून रिकाम्या हातांनी परतली, तेव्हा धोंडीरामकाकांनी यादी बाजूला सारली आणि जुन्या रीतीने माइक तिच्या हातात दिला. 'आजे, मी भागी. मी हितं हाय, आजे.' दिवेलागणीपर्यंत ती हाका मारत होती. कोणी आले नाही. चिमणाबाई सापडल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पोलिसांनी शोध घेतला, मंडळाने घेतला आणि यशश्री तर पाणी ओसरल्यावरही कितीतरी दिवस काठाकाठाने फिरत होती. वेणीमाधवकाकांनी पुढे कधी शुभ-अशुभाची गोष्ट तिच्यापाशी काढली नाही.

आता मी जुनी झाले. नव्या यंत्रांतून माझ्या धाकट्या बहिणी आल्या आहेत, रंगीत आणि गोड बोलणाऱ्या. यशश्री स्वतः क्लास चालवते. त्या दिवशीचे यंत्र तिने भंगारात घातले नाही, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले आहे. नवी मुले आली, की पहिल्याच दिवशी ती ते सुरू करते, वयाच्या रकान्यात 'साठ-सत्तर' लिहिते आणि मला बोलावते. मुले खिदळतात. ती हसत नाही. 'वाचा,' म्हणते, 'मोठ्याने वाचा.'

भाग्यश्री हरसूललाच शिक्षिका झाली आहे. कामासाठी नाशिकला आली, की ती क्लासात डोकावते.

'ताई, बघता का एकदा?'

यशश्री त्या जुन्या यंत्रात नाव टाकते. पडद्यावर येते, चिमणाबाई, गाव हरसूल. वयाचा रकाना रिकामा. सापडल्याची तारीख रिकामी. भाग्यश्री पडद्यावरच्या नावावरून बोट फिरवते.

'हाय ना नाव?'

'आहे.'

'मग मिटवू नका.'

मित्रांनो, माझेही तुमच्याकडे तेवढेच मागणे आहे. मी आले की मला मिटवायची घाई करू नका. मी तुमचा पाणउतारा करायला आलेली नसते. माझ्या मागे कोणीतरी बाकावर बसलेले असते आणि आपले नाव केव्हा घेतात, म्हणून कान देऊन ऐकत असते.