कॅमेऱ्याखालची पाटी

मी एक जुनी दगडी पाटी आहे. लाकडी चौकटीचा एक कोपरा निखळलेला, कडेला एक टवका उडालेला. मित्रांनो, माझा स्वभाव मुळातच संशयी आहे. ज्याच्या अंगावर लिहिलेलं रोज कुणीतरी पुसून टाकतं, त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

डोंगरातल्या खाणीतून मला काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि मुलुंडच्या एका दुकानात आणून टांगलं. तिथून लवू आणि रत्नप्रभा यांनी मला लेकीसाठी घेतलं. लेक प्रांजल माझ्यावर अक्षरं गिरवायला शिकली. तेव्हा माझं काय कौतुक होतं! पाहुणे आले की मला पुढे करत. मग वह्या आल्या, आणि माझी रवानगी तांदळाच्या डब्यावर झाली. डब्याचं झाकण सैल होतं, त्यावर वजन हवं होतं. एवढीच माझी लायकी उरली.

एक दिवस रत्नप्रभाने मला उचललं. मी म्हटलं, झालं, भंगारवाला आला असणार. तिने मात्र मला धुतलं, पुसलं आणि मांडीवर घेतलं. समोर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाइल होता.

लवूने विचारलं, "अगो, पाटी कित्याक काढलंस?"

"कोर्स पेपरलेस आहे. कागदाचा कपटासुद्धा दिसता कामा नये, असं मॅडमनी बजावलंय."

रत्नप्रभा बालवाडीत मदतनीस होती. हा कोर्स पुरा केला तरच ती तिथे शिक्षिका होणार होती. कॉलेज अंधेरीला. नोकरी सांभाळून तिकडे जाणं जमेना, म्हणून ती घरून शिकत होती. दीप्ती मॅडम वर्गातल्या मुलांना आणि घरी बसलेल्यांना एकाच वेळी शिकवत. कागद नको म्हणजे उत्तरं ऑनलाइन पाठवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. वर्गातली मुलं खुशाल वहीत कच्चं काम करत. रत्नप्रभाने मात्र घरातल्या वह्यासुद्धा कपाटात बंद केल्या होत्या.

मला त्या मोबाइलचा भारी संशय. एकटक बघत राहायचा आणि मला कधीच दाखवायचा नाही. मग रत्नप्रभाचाही संशय आला. ही मला मुद्दाम खाली धरते का? हो, मुद्दामच धरत होती. कॉलेजातल्या पोरांसमोर बालवाडीची पाटी दाखवायची तिला लाज वाटत होती. याचं मला वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी ती गणित करायला सारखी मान खाली घालत होती. उत्तरं पाठवून झाली आणि वर्गातला हर्षद म्हणाला, "मॅडम, त्या काकी सारख्या खाली बघत होत्या हां. काहीतरी झोल आहे."

"रत्नप्रभाताई, मांडीवर काय आहे?" मॅडमचा आवाज एकदम बदलला.

ती दचकली. आपण काय करतोय ते कळायच्या आत तिने पदराने मला पुसलं. मग काळवंडलेल्या चेहऱ्याने मला कॅमेऱ्यासमोर धरलं. माझ्यावर एक रेघही नव्हती.

"पाटी आहे, मॅडम. कच्चं काम करते."

"मग पुसलीत का? कॉपी सापडली की कोर्समधून नाव कमी होतं, माहीत आहे ना?"

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हिने सगळं माझ्यावरच सोडवलंय! पण मी दगड. त्यात माझ्यापाशी काहीच टिकत नाही. रत्नप्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "शेवटचं गणित पुन्हा करा. पाटी मला दिसू दे."

बालवाडीतल्या मुलांनी आठवड्यात किती गोष्टी ऐकल्या, त्याची सरासरी काढायची होती. एका मुलापुढे शून्य होतं. तिने बेरीज केली, भागाकार केला.

"आणि हा शून्यवाला मुलगा कुठे गेला? त्याला मोजलंच नाही तुम्ही."

"तो आलाच नसणार, मॅडम. आमच्याकडे आलेल्या मुलाला गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. मग त्याला हिशेबात कसं धरायचं?"

मॅडमनी तिचं पाठवलेलं उत्तर उघडलं. तिथेही तेच चुकीचं उत्तर होतं. बाकी साऱ्या वर्गाचं बरोबर होतं.

हर्षद ओशाळून म्हणाला, "सॉरी काकी. कॉपी केली असती तर बरोबर आलं असतं ना!"

"या गणिताचे मार्क मिळणार नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण नाव कमी होणार नाही. आणि ताई, कच्च्या कामाला वही चालते हो. मीच नीट सांगायला हवं होतं."

रत्नप्रभा रडता रडता हसली. तिने मला भिंतीशी उभं केलं. माझ्यावरचं चुकलेलं गणित तिने रात्रीपर्यंत कुणालाच पुसू दिलं नाही. लवूने फडकं उचललं तर त्याच्यावर खेकसली. आता ती वही वापरते, पण परीक्षेला मला शेजारी ठेवते. मॅडम अलीकडे फार गोड बोलतात. माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

मित्रांनो, शंका घ्या, मीही घेते. पण कुणाची मान खाली दिसली की लगेच त्याला चोर ठरवू नका. तेच काम पुन्हा करून दाखवायला सांगा आणि तो करत असताना गप्प बसून बघा. आणि माझ्यासारखी एखादी पाटी हाती आली, तर पुसण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा.