पुलाच्या कडेच्या ओल्या विटा

लटारू गवंडी होता आणि सुगंधाबाई त्याची बायको. भद्रावतीजवळच्या खेड्यात त्यांचं घर. लग्न झाल्यापासून ती त्याच्याच हाताखाली राबत आली होती. माल कालवायचा, विटा पोचवायच्या, झालेलं काम धुऊन काढायचं. थापी मात्र लटारूकडे.

पावसाळा सरत आला तेव्हा जंगलालगतच्या एका रिसॉर्टचं काम त्यांना मिळालं. तिथल्या स्विमिंग पुलाला लाल विटांची कड होती. क्लोरीनच्या पाण्यानं विटांमधले सांधे भुरभुरीत झाले होते, शेवाळ चढलं होतं. जुने सांधे खरवडायचे, सिमेंटचं नवं ग्राउट भरायचं, विटा पुरत्या वाळल्या की वरून सीलर मारायचं, म्हणजे पाणी आत मुरत नाही. सफारी सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकायचं होतं.

सांधे खरवडून झाले आणि लटारू तापानं पडला. मलेरिया निघाला. त्याला भद्रावतीच्या दवाखान्यात भरती केलं. रिसॉर्टचा मॅनेजर प्रणित दुसरा गवंडी शोधू लागला.

"कायले शोधता?" सुगंधाबाई म्हणाली. "मी भरीन."

ग्राउट तिनं नीट भरलं. पण सीलर मारायच्या आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली. सकाळी ऊन पडलं, विटा वरून कोरड्या दिसत होत्या. तिनं तळहात टेकवला. आत गारवा होता.

"बाई, वाळल्यात की," प्रणित म्हणाला. "पाहुणे यायला लागलेत."

तिला नाही म्हणवलं नाही. तिनं ब्रश उचलला.

दुसऱ्या दिवशी अर्धी कड पांढुरकी पडली होती, दुधावर साय धरावी तशी. आतली ओल सीलरखाली अडकली होती.

"म्हणूनच मी गवंडी शोधत होतो," प्रणित म्हणाला आणि त्यानं लटारूला फोन लावला.

लटारू एसटीनं आला. ताप उतरला होता, पण चालताना झोक जात होता. तो कडेशी बसला, पांढऱ्या डागावर बोट फिरवत राहिला.

"ओल होती?"

"हाताले गार लागत होतं."

"मंग काऊन मारलं?"

"साहेब घाई करून राह्यले होते. थांबा म्हणलं असतं तर म्हणले असते, हिले काय समजते."

हेच शब्द लटारूनं स्वतः तिला कामावर कितीदा तरी ऐकवले होते, चार माणसांदेखत. तिला तेव्हा कसं वाटलं असेल, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. आता ते मनात आलं आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

"थिनर आन," एवढंच तो म्हणाला.

दोघांनी मिळून थिनरनं सीलर विरघळवून पुसून काढलं. चिंध्या संपल्या तेव्हा सुगंधाबाईनं जुनं लुगडं फाडलं. मग विटा उन्हात सोडल्या. तिनं एका विटेवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. सकाळी उचलून पाहिला, तर आतून बारीक थेंब धरले होते.

प्रणित आला. "आज मारायचं ना, लटारूभाऊ?"

"तिले विचारा. काम तिचं आहे."

प्रणित वळला. सुगंधाबाईनं प्लॅस्टिक त्याच्यासमोर धरलं.

"आज नाई. ओल आहे अजून."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"पूल बंद आहे म्हणा."

पाहुणे आले, दोरी बांधलेला पूल पाहून कुरकुरले. एका कुटुंबानं मालकाकडे तक्रार केली. तरी ती हलली नाही. प्लॅस्टिक आतून कोरडं निघालं त्या दिवशीच तिनं सीलरचा पातळ हात दिला, तो सुकल्यावर दुसरा. लटारू सावलीत बसून होता. मधे एकदा त्यानं विचारलं, "जाड तं नाई होत?" "नाई," ती म्हणाली, आणि तो पुन्हा मागे टेकून बसला.

विटांचा रंग खुलला. पाणी शिंपडलं की थेंब वरच राहायचे. एका कोपऱ्यातला पांढरेपणा मात्र कितीही घासून गेला नाही. तिथं प्रणितनं तुळशीची कुंडी ठेवली.

निघताना सुगंधाबाईनं साफसफाईच्या पोरींना बोलावून सांगितलं, "ॲसिड लावू नका, सांधे खाऊन टाकते. नरम ब्रश अन् साबणाचं पाणी, बस."

गावात धान कापणीला आलं होतं. दोघं दुपारच्या एसटीनं घरी गेले.