बावन्नची फडफड

पुंडलिकरावांच्या मते विमानाच्या नमुन्याचा पंख मोडतो तो एकाच कारणाने: चिकटवायची खळ कच्ची असते म्हणून. वर्ध्याच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांचं मत हाच नियम. त्यांच्या हाताखाली प्रयोग शिकवणाऱ्या जयवंताने मात्र तीन महिने आकडेमोड करून वेगळंच काढलं होतं. लांब, सडपातळ पंखाला दोन खोडी असतात, डोलायची आणि पीळ घ्यायची. एकेकट्या त्या गरीब. पण ठरावीक वेगाला दोघींचा ताल जुळतो, वारा त्यांना खतपाणी घालतो आणि पंख फडफडून स्वतःला मोडून घेतो. तिने कामट्या नि पतंगाचा कागद लावून केलेल्या पंखासाठी तो वेग येत होता ताशी बावन्न किलोमीटर.

बंगलोरच्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरीसाठी बोलावलं होतं. भाकीत पडताळून पाहिल्याचं प्रमुखांचं पत्र तेवढं हवं होतं.

"बावन्न म्हणजे बावन्न," पुंडलिकराव म्हणाले. "पाचाची सूट देतो. त्यापुढे सही नाही."

वाऱ्याचा बोगदा कॉलेजात कुठला असायला! जीप होती, पुढची काच आडवी पाडलेली. एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, तिच्या बंपरवर दीड मीटरचा पंख उभा बांधून तिघं आंजीच्या रस्त्याला लागली. जोडीचा दुसरा पंख मागच्या सीटवर होता. वेगाचा काटा वाचायचं काम ड्रायव्हर चंद्रभानकडे.

"कोनती पार्टी आहे, भाऊ?" एका बैलगाडीवाल्याने विचारलं.

"फडफड पार्टी!" चंद्रभान ओरडला. "पस्तीस... छत्तीस..."

अडतीसला पंख थरथरला, दोनदा पिळवटला आणि कडकन मोडून रस्त्याकडेच्या खळ्यात जाऊन पडला.

"खळ," पुंडलिकराव समाधानाने म्हणाले.

जयवंता उतरली. चौदाची चूक! खळ्यात तीन पायांच्या उंच तिव्यावर उभी राहून देवकाबाई तूर उपणत होती. पंख नेमका तिच्या राशीत रुतला होता.

"काऊन वो बाई, हे काय फेकून राह्यल्या माह्या तुरीत?"

"चुकलं, मावशी. पंख आहे. गाडी जोरात गेली की मोडतो. पण हा फार लवकर मोडला."

"मंग मोडन नाई तं काय! हवा सामोरूनच तं येऊन राह्यली." देवकाबाईने सुपातून तूर सोडली. भुसा जीप आली त्या दिशेने, वर्ध्याकडे, सरळ उडाला. "मी का उगाच चढली तिव्यावर? शिकल्या-सवरल्या बाया तुम्ही, हवा पाहून निघत नाई?"

जयवंता भुशाकडे बघत राहिली. पंखाला जीपचा वेग कळत नाही, अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा कळतो. तीन महिन्यांत तिने सगळं मोजलं होतं, फक्त हवा सोडून.

"सर, अडतीस गाडीचे आणि चौदा वाऱ्याचे," ती म्हणाली. "परत जाताना हवा पाठीमागून असेल. दुसरा पंख बावन्नला मोडणार नाही, सहासष्टला मोडेल. सूट तीच, पाचाची."

"सहासष्ट?" पुंडलिकराव चंद्रभानकडे वळले. "ही जाते?"

"साठाच्या वर गाडीच फडफडते, साहेब. पन जाते."

दुसरा पंख बांधून जीप वर्ध्याकडे वळवली. बावन्नला तो खांबासारखा ताठ होता. साठला जीपचे दरवाजे वाजू लागले, बासष्टला पुंडलिकरावांची टोपी मागे आंजीला राहायला गेली.

"पुरे, थांबव!" ते ओरडले. "देतो सही!"

"नाही सर, अजून मोडला नाही," जयवंता म्हणाली. एरवी ती त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नसे. "चंद्रभान, हाणा."

"चौसष्ट... पासष्ट..."

पंखाला शहारा आला. सहासष्ट म्हणायला चंद्रभानने तोंड उघडलं, तेवढ्यात पतंगाचा कागद त्याच्या तोंडावरच येऊन चिकटला. जीप बाभळीच्या झाडाआधी दोन हात थांबली.

पत्र जयवंताने तिथेच, बॉनेटवर लिहिलं. वापरलेली उपकरणं: जीपचा वेगमापक, एक. वाऱ्याच्या दिशेसाठी: देवकाबाई, आंजी.

पुंडलिकरावांनी ते दोनदा वाचलं. "उपकरणांत बाई?"

"तिची चूक शून्य आहे, सर. आपल्या दोघांपेक्षा कमी."

त्यांनी सही केली. इंजिन चालूच होतं आणि बॉनेट थरथरत होतं, त्यामुळे सही डोललीही होती आणि पिळवटलीही होती.