न मोडलेली घडी

मावशींनी दाताने दोरा तोडला आणि नटीच्या बाहीचं बटण ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा रंग अजून पुरता वाळला नव्हता; सुतारांनी कालच उभारलेलं न्यायालय ते.

मालिका गाजत होती. पूल कोसळतो, माणसं दगावतात, आणि निकृष्ट सिमेंट पास करणारा पुढारी सुटतो. कारण त्याची धाकटी बहीण शपथेवर सांगते, त्या संध्याकाळी दादा घरीच होता. त्याच्याऐवजी गोदामाचा कारकून तुरुंगात जातो.

"मावशी, हातांचं काय करू?" नटीने हळूच विचारलं. "सात टेक झाले. खोटं बोलताना बाई हात कुठे ठेवते?"

"लवकर ठरवा," कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक म्हणाला. "नाहीतर निकालाआधी न्यायाधीश रिटायर व्हायचे."

मावशी सुई रिळात खोचत होत्या.

"कठडा धरायचा," त्या म्हणाल्या. "भावाच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्याच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण बघायचं. सकाळी आपणच लावून दिलेलं असतं ना."

आठव्या टेकला सेटवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

"तुम्ही नाटकात होतात का हो?" नटीने परत येऊन विचारलं.

"छे गं. मी आपली शिवणवाली."

मावशींना शिवणयंत्र त्यांच्या दादानेच घेऊन दिलं होतं. आई गेली तेव्हा मावशी नऊ वर्षांच्या होत्या. दादाने त्यांची वेणी घालायला शिकून घेतलं, तिरकी का होईना. अशा माणसासाठी एका संध्याकाळची साक्ष ती काय? मावशींनी ती दिली तेव्हा खऱ्या कारकुनाची बायको शेवटच्या बाकावर बसली होती. कारकून तिसऱ्या वर्षी तुरुंगातच वारला. दादा पुढे दोनदा निवडून आला. त्या संध्याकाळचा विषय त्याने मरेपर्यंत काढला नाही. यंत्राचं तेल मात्र दर वर्षी न चुकता पाठवत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत लेखक डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला.

"मावशी, उद्या बहिणीसाठी वेगळं काहीतरी लागेल. साधंच, पण मुद्दाम काढून ठेवलेलं वाटलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती परत येते आणि खरं सांगते."

मावशींनी कात्री खाली ठेवली.

"परत येते?"

"हो. लोकांना तेच हवंय."

"किती वाजता?"

लेखक हसला. "ते कोण बघतंय? अकरा लिहिलंय."

"साडेदहाला उघडतं न्यायालय," मावशी म्हणाल्या. "ती दहालाच येऊन उभी राहील."

त्याने डब्याच्या झाकणावर वही टेकवली आणि तेवढं बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून एक निळी शाल आणली. जुन्या पातळ कागदात गुंडाळलेली होती.

"अगंबाई, कोरीच आहे की," नटी म्हणाली. "घडीसुद्धा मोडलेली नाही."

"एकदा काढली होती. सकाळी दहाच्या आत पोहोचायचं म्हणून."

"मग?"

मावशी तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत राहिल्या.

"मग दादा चहा घेऊन आला. स्वतः केलेला. तोवर कधी चुलीपाशी गेला नव्हता." त्यांनी एक सुरकुती हाताने दाबली. "त्यात साखर घालायला विसरला होता. मी प्यायले."

नटी काही बोलणार होती, तेवढ्यात तिला बोलावणं आलं.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. कठडा धरला नाही. "काल मी इथे खोटं बोलले," ती म्हणाली. शेवटच्या बाकावर कारकुनाच्या बायकोचं काम करणाऱ्या बाईने मान वर केली. मावशी दिव्यांच्या मागे उभ्या होत्या. बघता बघता त्यांचा हात जवळच्या खांबाकडे गेला.

"सुंदर," दिग्दर्शक म्हणाला. "फक्त एक दिवा हलला, परत घेऊ. मावशी, शाल पहिल्यासारखी करून द्या. कोरी दिसू दे."

शाल नटीच्या अंगाने उबदार झाली होती. मावशींनी ती टेबलावर पसरली, इस्त्रीकडे हात नेला आणि थांबल्या. गरजच नव्हती. एक टोक उचलताच शाल जुन्या रेघांवरून आपली आपण मिटत गेली.

"झाली का घडी?" दिग्दर्शकाने विचारलं.

"झाली," मावशी म्हणाल्या. "सवय आहे तिला."