माहेरचा भोपळा

वहाबने स्टुलावर चढून भिंतीवरचं पिंजण काढलं, तेव्हा त्याच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, साचलेली धूळ आणि कापसाची भुरभूर त्याच्या पापण्यांवर उतरली. त्याने ती पुसली नाही. ते माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य खांद्यावर घेऊन तो तसाच स्टुलावर उभा राहिला, खाली उतरायचं असतं हे विसरल्यासारखा.

“उतरा आते,” खालून त्याची बायको अंजुम म्हणाली. “दोन वाजता पाहुना येतस. मांगनी खोलीमा ठेवा ते. त्यास्ले काय दखाडनं शे?”

तो उतरला. भिंतीवर पिंजणाच्या आकाराचा एक पांढुरका पट्टा राहिला होता. त्याच्या खाली, जिथे चाळीस दिवसांपूर्वीपर्यंत आईची गादी होती, तिथे आता दोन नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या.

शहाद्यात वहाबचं गाद्या-रजयांचं दुकान पुढे आणि घर मागे. बाप याच पिंजणाने गावोगाव कापूस पिंजत फिरला. वहाबने बावीस वर्षांपूर्वी यंत्र आणलं आणि पिंजण भिंतीवर गेलं. थंडीचे दिवस, धंदा जोरात. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने शटर उघडलं, तेव्हा शेजारचे म्हणाले, वहाब मोठ्या धीराचा माणूस. धीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. मातीचं शेवटचं ढेकूळ टाकतानाही तो हाच विचार करत होता की कळसाडीच्या गिऱ्हाईकाच्या चार रजया राहिल्यात. लोक गळ्यात पडून रडले, आणि तो त्यांच्या पाठी थोपटत राहिला. कानात सतत कापूस कोंबल्यासारखं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि हेच त्याला सगळ्यात वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटत नव्हतं.

आज चाळिसावा. सकाळी मशिदीत कुराण पढून झालं, आणि दुपारी त्याच्या मुलीला, लायबाला, पाहायला नंदुरबारचे लोक येणार होते. चाळीस दिवस सरल्याशिवाय यायचं नाही, एवढी रीत त्यांनी पाळली होती. एका दगडात दोन पक्षी, असं कोणी म्हटलं नाही, पण अंजुमने पहाटेपासून एकाच चुलीवर फातियाचा जर्दा, तो गोड भात, आणि पाहुण्यांचा पुलाव दोन्ही शिजवले.

मधल्या खोलीत लायबाचे केस इस्त्री होत होते. गरम पट्ट्यांचं ते यंत्र अंजुमने खास मागवलं होतं. लायबाचे केस आजीवर गेलेले. दाट, बारीक वळ्यांचे, तेलाला न जुमानणारे.

आजी, म्हणजे वहाबची आई, गुजरातकडची, राजपिपल्याच्या बाजूच्या रतनपूरची. जातीने सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेहून आलेल्यांच्या वंशातली. वहाबचा बाप तरुणपणी पिंजण घेऊन त्या मुलखात गेला होता. गल्लीत तातेचा आवाज ऐकून ती घरातून धावत बाहेर आली. तिला वाटलं, कोणी मलुंगा वाजवतंय. मलुंगा म्हणजे सिद्द्यांचं वाद्य: एक धनुष्य, त्याला बांधलेला अर्धा भोपळा, आणि वाजवायला काडी. पाहते तो दारात कापसाने पांढरा झालेला पिंजारी. पुढचं सांगायला नको. सासरी येताना तिने आपल्या मलुंगाचा भोपळा भावापाशी ठेवला. म्हणाली, नवऱ्याच्या घरी धनुष्य आहेच. भोपळा माहेरी, पिंजण सासरी.

तिचं नाव मिसरा. सिद्द्यांचे पीर बावा गोर, त्यांची बहीण माई मिसरा, तिच्यावरून ठेवलेलं. शहाद्याने त्याचं मिसरीबी केलं. मिसरी म्हणजे खडीसाखर! एवढी काळी आणि नाव मिसरी, म्हणून गावाने पन्नास वर्षं गमतीने तिला हाक मारली, आणि ती ओ देत राहिली. नगरपालिकेच्या दाखल्यावरही मिसरीबीच लागलं. बाबूने नाव विचारलं, तेव्हा वहाबला खरं नाव ठाऊक होतं. पण कोण बदलत बसणार, म्हणून तो हो म्हणाला.

शाळेत वहाबला ‘हबशी’ म्हणायचे. तेव्हापासून तो केस वाढूच देत नसे. आणि गेल्या वर्षी लायबाचं एक ठरत आलेलं स्थळ मोडलं. मुलगी चांगली आहे, पण आजीला पाहून पुढच्या पिढीचं काय समजायचं, असं त्या बायका दारात चपला घालता घालता बोलल्या, आणि आजीच्या कानावर पडलं. त्यानंतर पाहुणे यायचे म्हटलं की ती न सांगता उठून मागच्या खोलीत जाई. वहाबने तिला एकदाही म्हटलं नाही, की बस. हे दुसरं स्थळ. हे मोडलं तर तिसरं येईल, असं अंजुमला वाटत नव्हतं. वहाबलाही.

तो पिंजण मागच्या खोलीत ठेवून वळला, तोच मागच्या दारात कोणी उभं राहिलं. सत्तरीच्या पुढचा, उंच, काळाभोर माणूस. गळ्यात अकीकच्या दगडी मण्यांची माळ, हातात कापडी पिशवी.

“सलाम, भाणा,” तो म्हणाला.

आईचा भाऊ, जुम्मामामू. पिंजण पुसायला घेतलेलं फडकं वहाबच्या हातातच राहिलं.

“मारी बेन गई, ने मने कोईए खबर ना आपी,” मामू म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अकीक विकायला तो पूर्वी या भागात फिरायचा, त्यामुळे गुजरातीतून अहिराणीत यायला त्याला वेळ लागत नसे. “अक्कलकुवाना जीपवाला बोलना. मी बोट मोज्यात. म्हटलं, चाळिसावाले तं पोचसू.”

“गडबडमा ऱ्हाई गयं, मामू,” वहाब म्हणाला.

मामूने मान हलवली. मग पिशवीतून त्याने भोपळ्याची अर्धी कवटी काढली, जुनी, तेल पिऊन तांबूस झालेली. “बठू का पुढे? जास्ती वेळ नही लागाव. मी तिले बोलावसू, तू जवाब दे, का मी चालना.”

वहाबला ती रीत ठाऊक होती. सगळ्या सिद्द्यांत आहे की नाही कोण जाणे, आईच्या माहेरी होती. तो सात वर्षांचा असताना आईच्या वडिलांच्या, नानाच्या चाळिसाव्याला त्याने स्वतः केली होती. मलुंगावर जुनी नावं पुकारत शेवटी गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. रक्ताच्या माणसाने म्हणायचं, हाजर. मग पुकारणारा विचारतो, कोण बोले, आणि त्याने आपलं नाव सांगायचं, कोणाचा कोण ते. तीनदा पुकारून कोणी हाजर म्हटलं नाही, तर ते नाव पुकाऱ्यातून कायमचं गळतं. मेलेले रागावत नाहीत, नानी म्हणाली होती. फक्त यायचे बंद होतात.

“आज पाहुना येतस, मामू. लायबाले देखाले.” वहाब जमिनीकडे बघत म्हणाला. “त्या गया का मंग करूत. तवपर्यंत तुम्ही आठेच बठा.”

मामूने खोलीकडे पाहिलं. कापसाची पोती, मोडकी खुर्ची, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं पिंजण, आणि शेजारी गुंडाळून ठेवलेली बहिणीची गादी. त्याला जे समजायचं ते समजलं असावं. तो गादीच्या कडेला बसला.

लायबा अर्धे केस सरळ आणि अर्धे कुरळे अशी पाणी घेऊन आली. कॉलेजात ती इतिहास घेऊन शिकत होती. ती मामूजवळ बसलीच.

“मामूदादा, मी मोबाईलमा वाच्यं. आपले गुलाम करीसन जहाजमा आनं व्हतं. खरं शे?”

“लिखेल शे तं खरंच व्हई.” मामूने भोपळा मांडीवर फिरवला. “आमना मा बोलतस, बावा गोर आपला पायना उना, फौज लईसन. आम्ही त्यास्ना संगे. कोनले आनं, कोन उनं. दोन्ही खरं. पन जहाजमा ज्या व्हतात, त्यास्ना नाव कोनी लिख्या नहीत, बेटा. पोतास्ना हिशोब लिखा, मानसं नही लिखा. म्हनीसन आम्ही पुकारतस. लिखेल नही, त्यास्ले बोलावनंच पडस.”

“लायबा!” अंजुमची हाक आली. इस्त्री थंड होत होती.

पाहुणे दोनाला दहा कमी असतानाच आले. जाकीरभाई आणि त्यांची बायको शकीलाबी. नंदुरबारला कापडाचं दुकान, मुलगा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला. माणसं बोलकी, गोड. सरबत झालं, मयतीबद्दल दोन शब्द झाले. जाकीरभाईंना हात धुवायचे होते. मोरी मागच्या खोलीतून. वहाब उठेपर्यंत ते पडदा सारून आत गेले होते.

“हाई कोन?” आतून त्यांचा मोठा आवाज आला.

वहाब दारात पोचला. मामू गादीवरून उठून उभा राहिला होता, हात पुढे धरून, पाहुण्याला सलाम करायला.

“हाऊ...” वहाब म्हणाला. “पिंजण घेवाले उना. गुजरातना शे.”

बोलून झालं. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल, निदान तोंड तरी कडू होईल. काही झालं नाही. मामूने पुढे केलेला हात हळूच वळवून पिंजणाच्या लाकडावर ठेवला.

“हा,” तो म्हणाला. “जुनं लाकूड चांगलं ऱ्हास.”

जाकीरभाई कापडवाले, म्हणजे हाडाचे दुकानदार. माल न पारखता कोणी घेऊन जातो, हे त्यांना बघवेना. “मंग वाजाडी तं देखा, बाबा! तात सडी गयी व्हई तं काय करशात? या, पुढे या. आम्हलेबी आयकू द्या. मन्हा आजाना दारशी पिंजारी येये, कितला वरीस व्हई ग्यात तो आवाज आयकाले.”

पडद्यामागे अंजुमने डोळ्यांनी नको नको म्हटलं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मामू पिंजण घेऊन पुढे आला आणि जमिनीवर बसला. नेमका तिथेच, खुर्च्या बाजूला ओढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, भिंतीवरच्या पांढुरक्या पट्ट्याखाली. त्याने पिशवीतून भोपळा काढून पिंजणाला बांधला.

“भोपळाबी लावतस का?” जाकीरभाई हसले.

“आवाज धराले,” मामू म्हणाला.

त्याने भोपळा छातीशी टेकवला आणि काडीने तात छेडली. दुकानात कापूस पिंजताना व्हायचा तो आवाज नव्हे हा. हा खालून आला, फरशीतून. वहाबच्या अनवाणी तळव्यांना तो कळला. मामू पुकारू लागला. आधी दर्यात राहिले त्यांना, ज्यांची नावं नाहीत. मग बावा गोर, मग माई मिसरा. मग घरची नावं, एकामागून एक, आणि प्रत्येक नावानंतर मामू स्वतःच हलकेच हाजर म्हणत होता. शकीलाबींनी पदर डोक्यावर घेतला. पिराचं काही आहे एवढं त्यांना उमगलं.

मग काडी संथ झाली.

“मिसरा,” मामूने पुकारलं. या वेळी तो स्वतः काही बोलला नाही.

वहाब खुर्चीच्या काठावर बसला होता. समोर जाकीरभाई मान डोलवत होते. ही दोन माणसं चहा पिऊन, मुलगी बघून, होकार देऊन जातील. अर्ध्या तासाचा प्रश्न. त्याने मामूकडे पाहिलं; मामू त्याच्याकडे पाहत नव्हता. डोळे मिटलेले होते.

“मिसरा.”

आई न सांगता उठायची. गुडघ्यावर हात टेकून, भिंतीला धरून, पाहुणे यायच्या आधी. मागे जाताना पडदा स्वतःच्या हाताने नीट ओढून घ्यायची, फट राहू नये म्हणून. वहाबला दुखलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याला काही दुखलं.

“मिसरा.”

“हाजर,” वहाब म्हणाला.

जाकीरभाई खदखदून हसले. “वा! तुम्हलेबी येस का गाणं?”

वाट मोकळी होती. हसण्यात हसणं मिसळलं असतं तर भागलं असतं.

मामूने डोळे उघडले. काडी तातेवर तशीच थरथरत राहिली.

“कोन बोले?”

“वहाब.” त्याचा आवाज फाटला. त्याने घसा खाकरला नाही. “मिसराना वहाब.”

जाकीरभाईंचं हसू ओठांवर राहिलं. शकीलाबींनी विचारलं, “मिसरा कोन?”

“मन्ही माय. शहादाना लोकं मिसरीबी म्हनेत. आनि हाऊ मन्हा मामू. पिंजण घेवाले नही उना. मी खोटं बोलनू.” आणि मग तो रडू लागला, पाहुण्यांसमोर, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून, लहान पोरासारखा मोठ्याने.

मामूने शेवटचा ठोका दिला आणि तात तळहाताने शांत केली.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. लायबा चहाचा ट्रे घेऊन आली. चुलीपाशी उभं राहून तिच्या कपाळाशी घाम आला होता, आणि तिथली एक बट सरळपणा सोडून पुन्हा वळली होती. शकीलाबी त्या बटेकडे पाहत राहिल्या. लायबाला ते कळलं. तिने बट मागे सारली नाही. पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरून पुढे जाऊन ती खाली वाकली आणि पहिला कप जमिनीवर, भोपळ्याशेजारी ठेवला.

“मामूदादा, चहा.”